फार्मासिस्ट म्हणून कॅनडात यायचंय? मग आधी पीआर नाही, आधी परवाना

"ताई, पीआर झालं की तिकडे फार्मासिस्ट म्हणून लगेच लागता येतं ना?"

महिन्यातून दोन-तीन वेळा तरी मला हा मेसेज येतो आणि उत्तर दरवेळी तेच असतं: नाही. पीआर म्हणजे त्या देशात कायमचं राहायची परवानगी. काउंटरमागे उभं राहून औषध द्यायचा परवाना वेगळा. तो देणारी माणसं वेगळी, त्यांची फाईल वेगळी, फी वेगळी. एका ऑफिसात काय चाललंय ते दुसऱ्याला ठाऊक नसतं. टोरांटोच्या आसपास पीआर कार्ड खिशात ठेवून गोदामात खोकी उचलणारे एम. फार्म. झालेले लोक मी पाहिलेत. त्यातले बरेच हुशार आहेत. चुकला तो फक्त क्रम.

म्हणून मी सगळं उलट्या बाजूनं सांगणार आहे. आधी परवान्याची फाईल, मग इमिग्रेशन. उदाहरण घेते ते अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रामचं, कारण मी स्वतः त्याच वाटेनं नोव्हा स्कोशियात आले.

हा प्रोग्राम आहे तरी काय

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर चार छोटे प्रांत आहेत: नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड, आणि न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर. तरुण मुलं शिकून टोरांटो-कॅलगरीला निघून जातात, मागे राहतात म्हातारी माणसं. आपल्या कोकणातल्या एखाद्या गावाची आठवण यावी अशी गत. म्हाताऱ्यांना औषधं लागतात, पण औषध देणारे मिळत नाहीत. बाहेरून माणसं आणायला २०१७ मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली आणि जानेवारी २०२२ पासून ती कायमची झाली.

एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे केंद्र सरकारच्या गुणांवर चालणाऱ्या पीआरच्या वाटेत, वय, शिक्षण, इंग्रजी या सगळ्याचे गुण जुळवत बसावं लागतं. इथे गुणांचा खेळ नाही. प्रांतानं मान्यता दिलेला मालक तुम्हाला नोकरी देतो, प्रांत त्यावर शिक्का मारतो, मग तुम्ही केंद्राकडे पीआरचा अर्ज करता. ऐकायला सोपं वाटतं, पण मालक मिळवणं हीच सगळ्यात अवघड पायरी आहे. शिवाय जागा मोजक्या: २०२५ साठी या प्रोग्रामचं देशभराचं लक्ष्य ५,००० माणसांचं होतं, कुटुंबं धरून. त्यामुळे प्रांत आता निवडून घेतात. त्या निवडीत आरोग्यसेवेतल्या माणसाचं पारडं हॉटेलात काम करणाऱ्यापेक्षा जड असतं, एवढं आपल्या बाजूनं आहे.

तुम्ही कोणत्या खान्यात बसता

कॅनडात प्रत्येक कामाला एक कोड असतो, त्याला एनओसी म्हणतात. आपल्याकडची ना-हरकतवाली एनओसी नव्हे. फार्मासिस्ट ३११२०, फार्मसी टेक्निशियन ३२१२४, फार्मसी असिस्टंट ३३१०३. कोडातला दुसरा आकडा ही कामाची पातळी, तिला टीअर म्हणतात. म्हणजे फार्मासिस्ट टीअर १, टेक्निशियन टीअर २, असिस्टंट टीअर ३. आकडा जितका लहान तितकी पातळी वरची.

बी. फार्म. किंवा फार्म. डी. असेल तर फार्मासिस्टच्या वाटेला लागा. नुसती डी. फार्म. असेल तर तिच्यावर तिथे फार्मासिस्ट होता येत नाही. आपल्याकडे पदविकेवरही रजिस्टर्ड फार्मासिस्ट होता येतं, त्यामुळे अनेकांना हे ऐकून धक्का बसतो, पण तिथे पदवीच लागते. एम.आर. म्हणून पाच वर्षं फिरला असाल, तर तो अनुभव विक्रीचा धरला जातो. कंपनीत क्यूए-क्यूसीला, म्हणजे औषधांच्या गुणवत्ता तपासणीला असाल, तर पदनाम बघू नका, रोज काय काम करता ते बघा. कोड त्यावरून ठरतो, डिग्रीवरून नाही.

आता एक खाचखळगा, आणि तो नीट समजून घ्या. 'आधी असिस्टंट म्हणून जाऊ, मग बघू' असा सल्ला एजंट सर्रास देतात. पण अटलांटिक प्रोग्रामात मिळणारी नोकरी तुमच्या अनुभवाच्या पातळीइतकी किंवा तिच्याहून वरची असावी लागते. नर्सेसना यातून सूट आहे, आपल्याला नाही. म्हणजे अनुभव फार्मासिस्टचा दाखवला आणि नोकरी असिस्टंटची मिळाली, तर गाडी तिथेच अडते. ऑफर लेटरवर कोणता कोड टाकणार, हे मालकाला पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच.

अनुभवाचा हिशोब

मागच्या पाच वर्षांत किमान १,५६० तासांचा पगारी अनुभव लागतो. आठवड्याला ३० तास धरले तर हे एक वर्ष होतं. सलग नसला तरी चालतो. पण स्वतःचं मेडिकल असेल तर ते तास धरत नाहीत. पंधरा वर्षं दुकान चालवलेल्या माणसाचे तास शून्य, आणि शेजारच्या दुकानात वर्षभर पगारावर बसलेल्या पोराचे मात्र पूर्ण! तक्रार करून उपयोग नाही, नियम तसा आहे. दुकान वडिलांच्या नावावर आणि पगार 'घरातच', असं असेल तरी कागदावर काय सिद्ध होतं ते आधी तपासा.

आणि आता ते, ज्याबद्दल आपल्यात कुणी उघड बोलत नाही. सर्टिफिकेट भाड्यानं देणं. नाव दुकानाच्या परवान्यावर, फ्रेम भिंतीवर, आणि आपण स्वतः पुण्यात कंपनीत कामाला. महिन्याला ठरलेली रक्कम खात्यावर येते. ही रक्कम दाखवून 'फार्मासिस्टचा अनुभव' लिहायचा मोह अनेकांना होतो. करू नका. एकाच काळात दोन ठिकाणी पूर्ण वेळ काम दिसलं की अधिकारी विचारतातच. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं. शिवाय परवाना देणारी संस्थाही पुढे तुमची वागणूक तपासते.

खरा अनुभव असेल तर त्याचं पत्र नीट घ्या. आपल्याकडचे दुकानदार 'अमुक यांनी आमच्याकडे काम केले, ते प्रामाणिक व होतकरू आहेत' असं चार ओळींचं पत्र देतात. त्याचा काही उपयोग नाही. लेटरहेडवर हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याचे तास, पगार, आणि काम काय केलं ते सविस्तर हवं: प्रिस्क्रिप्शन तपासणं, शेड्यूल एच-१ ची नोंदवही ठेवणं, रुग्णाला डोस समजावणं. पगार रोख मिळत असेल तर अर्ज करायच्या वर्षभर आधीपासून तो बँकेत घ्यायला लागा. मालक कुरकुर करेल, तरी घ्या.

कागदपत्रांची वारी

परवान्याच्या फाईलची सुरुवात होते नाप्रा या, प्रांतांच्या फार्मसी नियामकांच्या राष्ट्रीय संस्थेच्या फार्मासिस्ट्स गेटवे या संकेतस्थळावर. तिथे नाव नोंदवलं की एक राष्ट्रीय ओळख क्रमांक मिळतो. तो घेऊन पीईबीसीकडे, म्हणजे फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाकडे जायचं. क्वेबेक सोडून सगळ्या प्रांतांत फार्मासिस्ट व्हायला या बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं.

पीईबीसी आधी तुमची कागदपत्रं तपासते. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट आणि महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडून नोंदणीचा दाखला, दोन्ही थेट त्या संस्थांकडून जावं लागतं. तुम्ही घरून पाठवलेलं चालत नाही. या तपासणीचा दुहेरी फायदा आहे. फार्मासिस्ट म्हणून इमिग्रेशनला अर्ज करताना शिक्षणाची समकक्षता लागते, तिचा अहवालही पीईबीसीच देते. बरेच जण घाईनं वेस (WES) या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून अहवाल काढतात. फार्मासिस्टच्या कोडाला परवाना लागतो, म्हणून तो पीईबीसीचाच हवा. पैसे दोनदा घालवू नका.

नावाचं प्रकरण तर वेगळंच. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर दिलेलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. माझी कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या नावानं, आणि ट्रान्सक्रिप्टवर कारकुनानं आईचं नाव आडनावाच्या जागी टाकलेलं. तीन कागद, तीन बायका! हे निस्तरण्यात माझे पाच महिने गेले. विद्यापीठाच्या ज्या खिडकीवर मी चार वेळा गेले, तिथे प्रत्येक वेळी वेगळा माणूस होता आणि प्रत्येकाला वेगळा फॉर्म हवा होता. शेवटी राजपत्रातली नावबदलाची प्रत, लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र असा संच केला, तेव्हा फाईल हलली. तुम्ही हा संच पहिल्याच दिवशी करून ठेवा. राजपत्रात नाव छापून यायला वेळ लागतो, ते काम सगळ्यात आधी हातात घ्या.

इव्हॅल्युएटिंग परीक्षा

कागद मान्य झाले की पहिली परीक्षा. बहुपर्यायी प्रश्न, संगणकावर, आणि ती कॅनडात न जाताही देता येते. म्हणून भारतात पगार चालू असतानाच द्या. तिथे जाऊन भाडं भरत अभ्यास करण्यात शहाणपण नाही. किती वेळा बसता येईल याला मर्यादा आहे, तेव्हा 'एकदा बसून तर पाहू' हे इथे नको.

आपल्याला जड काय जातं? रसायन नाही, फार्माकोलॉजी नाही, ते आपण घोकलेलं असतं. जड जाते फार्मसी प्रॅक्टिस, आणि पेपरात तिचाच वाटा मोठा. रुग्ण येऊन सांगतो की तीन दिवस खोकला आहे, रक्तदाबाची अमुक गोळी चालू आहे. आता त्याला काय द्यायचं, काय नाही, आणि डॉक्टरकडे कधी पाठवायचं? आपल्या काउंटरवर ही निवड बहुधा ग्राहकच करून आलेला असतो. नावंही बदलतात: पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन होतं आणि निमेसुलाइड तर तिथे नाहीच. ब्रँडनं औषधं ओळखायची सवय मोडा. मी वहीत डावीकडे आपला ब्रँड, मधे मूळ औषध, उजवीकडे तिकडचं नाव असे तीन रकाने आखले होते. ती वही अजूनही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

इंग्रजीच्या दोन परीक्षा

अटलांटिक प्रोग्रामला टीअर १ ते ३ च्या नोकरीसाठी भाषेची पाचवी पातळी पुरते. आयईएलटीएस जनरलमध्ये म्हणायचं तर ऐकणं, लिहिणं, बोलणं ५.० आणि वाचन ४.०. हे वाचून हुरळून जाऊ नका. परवाना देणाऱ्या प्रांतिक संस्थेची अट याहून बरीच कडक असते, आणि तिला जनरल नव्हे, अकॅडेमिक लागते. दोन निकाल, दोन कामं. इमिग्रेशनसाठीचा निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून फार आधी देऊ नका.

मालक कसा शोधायचा

चारही प्रांत मान्यताप्राप्त मालकांच्या याद्या आपापल्या संकेतस्थळावर देतात. त्यात औषधदुकानं शोधा. मोठ्या साखळ्या असतातच, पण छोट्या गावातली स्वतंत्र दुकानं अधिक ऐकून घेतात. हॅलिफॅक्सला अर्ज सगळेच करतात. ट्रुरो, ब्रिजवॉटर, बॅथर्स्ट, समरसाइड, गँडर ही नावं नकाशावर शोधा. फ्रेंच येत असेल तर न्यू ब्रन्सविककडे वळा. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही अधिकृत भाषा असलेला कॅनडातला तो एकमेव प्रांत आहे.

बायोडेटा एक-दोन पानांचा. त्यात फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती यातलं काहीही नको. पहिल्याच ओळीत 'पीईबीसी इव्हॅल्युएटिंग परीक्षा उत्तीर्ण' असं लिहिता आलं पाहिजे. मालकाच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की हा माणूस दीड-दोन वर्षांत पूर्ण फार्मासिस्ट होऊ शकतो. मी ही ओळ नसताना साठ-सत्तर अर्ज केले, दोन उत्तरं आली. ती ओळ टाकल्यावर तिसऱ्या आठवड्यात मुलाखत. मुलाखतीत मालकीणबाईंनी औषधांबद्दल दोनच प्रश्न विचारले, बाकी सगळं एकाच गोष्टीभोवती: 'इथे थंडी आहे, बस नाही, सिनेमा लांब आहे. तू वर्षात टोरांटोला पळणार नाहीस ना?' या प्रश्नाची तयारी करून ठेवा. त्या गावात शाळा कोणती, हॉस्पिटल किती लांब, हिवाळ्यात रस्ते कसे असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल तर बोलण्यातून ते कळतं.

नोकरीसाठी कुणी पैसे मागितले की फोन ठेवा. मालकाला किंवा त्याच्या माणसाला नोकरीबद्दल पैसे घेता येत नाहीत. इमिग्रेशनच्या कामाची फी फक्त परवानाधारक सल्लागार किंवा वकील घेऊ शकतात. सल्लागाराचं नाव त्यांच्या कॉलेजच्या, म्हणजे सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या, सार्वजनिक नोंदवहीत शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

ऑफरपासून विमानापर्यंत

ऑफर पूर्ण वेळेची, म्हणजे आठवड्याला किमान ३० तासांची, आणि टीअर १ ते ३ साठी निदान एक वर्षाची हवी. ती आली की नव्यानं येणाऱ्यांना मदत करणाऱ्या एखाद्या सेटलमेंट संस्थेकडून तुमचा आणि कुटुंबाचा सेटलमेंट प्लॅन करून घ्यावा लागतो. हा फुकट असतो. हॅलिफॅक्सची आयसॅन्स ही अशी मोठी संस्था. मुलांची शाळा, नवऱ्याचं किंवा बायकोचं काम, घर, सगळं विचारतात. उरकायचं म्हणून उत्तरं देऊ नका, परवान्याबद्दलचे प्रश्न त्यांनाच विचारा.

मग मालक प्रांताकडे अर्ज करतो आणि प्रांत मान्यतेचं प्रमाणपत्र देतो. ते जोडून तुम्ही केंद्राकडे पीआरचा अर्ज ऑनलाइन भरता. सोबत पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, आणि कुटुंबाच्या आकाराप्रमाणे खात्यात शिल्लक रक्कम. ती रक्कम अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाकडून उसनी घेऊन खात्यात टाकली तर ती लगेच डोळ्यात येते. पीआरला वेळ लागतो, म्हणून मालकाला घाई असेल तर प्रांताच्या शिफारसपत्रावर तात्पुरतं वर्क परमिट काढता येतं. ते त्याच मालकाशी बांधलेलं असतं.

हे जमलं नाही तर? प्रांतांचे स्वतःचे नॉमिनी प्रोग्राम आहेत, म्हणजे प्रांतच पीआरसाठी तुमचं नाव सुचवतो. एक्स्प्रेस एंट्रीशी जोडलेलं नॉमिनेशन मिळालं तर ६०० गुणांची भर पडते. नुसत्या नोकरीच्या ऑफरचे गुण मात्र २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत, जुने व्हिडिओ पाहून फसू नका. जानेवारी २०२५ मध्ये ग्रामीण भागांसाठी १४ ठिकाणांची नवी योजनाही आली. नोव्हा स्कोशियातली पिक्टू काउंटी, ऑन्टारिओतलं टिमिन्स, मॅनिटोबातलं ब्रँडन ही त्यातली काही.

पोहोचल्यावर

उरलेली लढाई इथे. क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग असतात. पहिला बहुपर्यायी. दुसरा ओएससीई, आणि तो कॅनडातल्या केंद्रात प्रत्यक्ष द्यावा लागतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, प्रत्येक ठिकाणी रुग्णाचं सोंग घेतलेला नट बसलेला, आणि हातात मोजकी मिनिटं. मला एका खोलीत एक बाई भेटली, दम्याचा पंप नव्यानं मिळालेला. मी पंप हातात घेतला आणि घडाघडा सांगून टाकलं: हलवा, श्वास सोडा, दाबा, आत ओढा. तिनं मान डोलावली. बाहेर आल्यावर लक्षात आलं की 'आता तुम्ही करून दाखवा' हे मी म्हणालेच नाही. माहिती पूर्ण, आणि संवाद एकतर्फी. आपण वर्गात पाठ म्हणून दाखवतो तसं. सरावाला एखादी बिगर-फार्मसी मैत्रीण बसवा. तिला काय कळलं ते तिच्याकडून म्हणवून घ्या.

याशिवाय प्रांताच्या कायद्याची परीक्षा, आणि नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. किती तास, ते प्रांत ठरवतो. नोव्हा स्कोशियात हे सगळं नोव्हा स्कोशिया फार्मसी रेग्युलेटरकडे. त्यांना भारतातूनच ईमेल करा, उत्तरं नीट देतात.

काउंटरवरचं काम ओळखीचं वाटतं आणि नसतंही. आपण कात्रीनं स्ट्रिप कापून पाच गोळ्या देतो. इथे मोठ्या डब्यातून गोळ्या ट्रेवर ओतायच्या आणि पट्टीनं पाच-पाच करून मोजायच्या. पहिल्या आठवड्यात माझा हात इतका मंद होता की असिस्टंट मुलगी माझ्या आधी दोन डब्या भरून मोकळी. प्रत्येक औषधाला आठ आकडी क्रमांक असतो, बिल विमा कंपनीकडे संगणकावरून जातं, आणि निम्मा दिवस 'ही गोळी प्लॅनमध्ये बसत नाही' या भांडणात जातो. व्यसनमुक्तीसाठी रोज येऊन समोर मेथाडोन पिणारे लोक असतात. आधी मला भीती वाटायची, आता त्यातल्या दोघांच्या कुत्र्यांची नावंही पाठ आहेत. लस टोचणं, किरकोळ आजारांवर स्वतः औषध लिहून देणं हेही फार्मासिस्टचं काम. नोव्हा स्कोशियात २०२३ पासून काही औषधदुकानांतच प्राथमिक उपचारांचे दवाखाने चालू झालेत.

बॅग भरताना लोणचं-मसाले तुमची आई भरेलच. तुम्ही विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्टचे दोन जादा सीलबंद लिफाफे घ्या आणि हँडबॅगेत ठेवा. पुढे कधी कुठली संस्था मागेल सांगता येत नाही, आणि इथून विद्यापीठाच्या खिडकीवर फोन लागत नाही. लिफाफा कुतूहल म्हणूनही उघडू नका. सील फुटलं की तो नुसता कागद.